मोडणं आणि ठेवणं

मंडळी, नमस्कार.

विट्यात येऊन सोन्यावर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांत अर्ध्या घरांतला तरी कोणी ना कोणी केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठल्या तरी पेठेत गलाईचं दुकान टाकून, मूस पेटवून बसलेला असणार. खानापूर-आटपाडीच्या या दुष्काळी पट्ट्यातून माणसं बाहेर पडली आणि देशभरातलं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला लागली. तुम्ही सोन्याला पातळ झालेलं पाहिलंय. मी बँकेत चौतीस वर्षं ते फक्त पिशवीत घालून सील केलं. त्यामुळे धातूबद्दल माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगा.

संयोजकांनी विषय दिलाय तो असा: मूल्य टिकवायचं तर सोनं बरं की नोटा? हा प्रश्न आमच्या घरात १९८० साली पडला होता आणि त्यावरून आई-अण्णा आठ दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते. तिथूनच सुरुवात करतो.

आजोबांच्या वाटणीतलं माळरान विकलं आणि दहा हजार रुपये हातात आले. अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांचं म्हणणं, बँकेत मुदत ठेवीत टाकू, सरकारी बँक आहे, व्याज मिळेल. आईचं म्हणणं, कागदाचं काय खरं, डाग, म्हणजे दागिने, करून ठेवू. शेवटी पाच-पाच हजार वाटून घेतले. अण्णांनी ठेवीची पावती केली. आईने तालुक्याच्या सराफाकडे दोन पाटल्या केल्या, बावीस कॅरेट, मिळून ३७ ग्रॅम. त्या वर्षी चोख सोन्याचा सरासरी भाव दहा ग्रॅमला १,३३० रुपयांच्या आसपास होता. बावीस कॅरेटच्या हिशेबाने सोन्याचे साडेचार हजार झाले आणि उरलेले पाचेकशे सोनाराच्या मजुरीत गेले. म्हणजे आईने दुकानाची पायरी उतरतानाच दहा टक्के गमावले होते. अण्णांनी हे तिला बरेच दिवस ऐकवलं.

आता ही शर्यत पुढे कशी गेली ते बघू. मी बँकेतला माणूस, आकडेमोड केल्याशिवाय झोप लागत नाही. ढोबळ हिशेब आहे, व्याजावरचा कर सोडून दिलाय, ठेव दर वेळी मुदत संपली की पुन्हा ठेवली असं धरलंय.

१९८० ते २००० या वीस वर्षांत बँका लांब मुदतीच्या ठेवीला साधारण दहा टक्के आणि काही वर्षं त्याहून जास्त देत होत्या. दहाच धरा. अण्णांच्या पाच हजारांचे २००० साली तेहतीस हजार सहाशे झाले असते. सोन्याचा भाव तेव्हा ४,४०० च्या घरात होता. आईच्या पाटल्या पंधरा हजारांच्या आत. वीस वर्षांनंतर कागद सोन्याच्या दुपटीहून पुढे. सोनं कधी बुडत नाही असं जे आपण ऐकत आलो, त्याचं इथे काय करायचं? बुडलं नाही हे खरं, पण शेजारचा धावत असताना ते निवांत चालत राहिलं.

त्यातही एक गंमत आहे. आईने घेतलं ते वर्षच वाईट निघालं. जानेवारी १९८० मध्ये जगात सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरला जाऊन टेकला होता. १९९९ मध्ये तोच अडीचशेच्या जवळ आला. डॉलरमध्ये बघाल तर सोनं वीस वर्षं उताराला लागलं होतं. मग आपल्याकडे १,३३० चे ४,४०० कसे झाले? १९८० ला डॉलर आठ रुपयांना मिळत होता, २००० ला पंचेचाळीसला. सोनं वाढलंच नव्हतं, रुपया घसरला होता. आईच्या पाटल्यांनी तिला सोन्याच्या भावातून काही मिळवून दिलं नाही, रुपयाच्या घसरणीपासून मात्र वाचवलं. अण्णांना तेच संरक्षण व्याजातून मिळत होतं, वर थोडं जास्तच.

आता २००० नंतर. व्याजदर उतरले. सरासरी साडेसात टक्के धरतो. सोनं मात्र उठलं. २०१२ साली आईच्या पाटल्या एक लाख पाच हजारांच्या, अण्णांची ठेव ऐंशी हजार. आई जिंकली म्हणावं तर २०१५ साली सोनं उतरलं होतं, तेव्हा पाटल्या एकोणनव्वद हजार आणि ठेव नव्व्याण्णव हजार. अण्णा पुन्हा पुढे! २०२० साली परत आई: एक लाख पासष्ट विरुद्ध एक लाख त्रेचाळीस. आणि एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला लागला, तेव्हा पाटल्या तीन लाख चाळीस हजारांच्या जवळ आणि ठेव दोन लाख पाच हजारांच्या आसपास.

पंचेचाळीस वर्षांत कोण पुढे हे तुम्ही कोणत्या साली विचारता त्यावर होतं. २००० साली माझं व्याख्यान ठेवलं असतंत तर मी सोन्याला नावं ठेवून, टाळ्या घेऊन घरी गेलो असतो. आज उलट बोलणारे वक्ते भरपूर आहेत. मोबाईलवर रोज एक तरी सापडतो.

पण मंडळी, हा सगळा हिशेब खोटा आहे. आकडे खरे, हिशेब खोटा. कारण अण्णांची ठेव २००० पर्यंत पोचलीच नाही. १९८३ साली त्यांनी ती मुदतीआधी मोडली आणि विहिरीवर मोटर बसवली. आमच्याकडे चेष्टा चालते की अण्णांचे पैसे पाण्यात गेले. तशी ती मोटर चांगली चालली, ज्वारीच्या रानात भाजी आली, पैसे वाया गेले असं कोणी म्हणणार नाही. पण ‘टिकले’ असंही म्हणता येणार नाही. आणि पाटल्या? पाटल्या आजही आहेत.

आपल्या भाषेत एकच क्रियापद दोन्हीकडे आहे, तुमच्या लक्षात आलंय का? आपण पावतीही मोडतो आणि डागही मोडतो. नोटही मोडतो, सुट्टे करायला. तीन ठिकाणी तोच शब्द, पण हात तिन्ही ठिकाणी सारखा चालत नाही. शंभराची नोट मोडली की संध्याकाळपर्यंत खिशात चिल्लर उरते, हे सगळ्यांना माहीत आहे. पावती मोडायला एक अर्ज, एक सही, अर्धा टक्का दंड. कोणाला कळत नाही, घरच्यांनासुद्धा. पाटली मोडायची म्हटली की मात्र हात रिकामा दिसतो. हळदीकुंकवाला गेलं की चार बायका आधी मनगटाकडे बघतात आणि मग तोंडाकडे. सासूबाई विचारतात, माहेरचे विचारतात. त्या पाटलीवर अख्ख्या गावाची राखण असते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, आईच्या पाटल्यांना चाळीस डोळे होते.

मूल्य टिकवायचं साधन म्हणून सोन्याचं कौतुक करताना लोक त्याचं न गंजणं सांगतात, ते दुर्मिळ आहे हे सांगतात. ते आहेच. पण गावात काम करून माझं जे मत झालं ते असं की सोनं टिकतं कारण ते मोडायला जीव होत नाही. आणि दुसरं कारण याहून मोठं आहे: ते न मोडताही त्यावर पैसे उभे राहतात.

बँकेतला एक दिवस सांगतो. मृगाचा पहिला पाऊस झाला की आठवडाभर आमच्या शाखेत सोनेतारणाला रांग असायची. बी घ्यायचं, खत घ्यायचं. एक मावशी दर वर्षी यायच्या. चारचौघांत दागिना काढायचा नाही म्हणून घरूनच रुमालात बांधून आणायच्या. टेबलावर गाठ सोडायच्या आणि नजर दुसरीकडे करायच्या. आमचे मूल्यांकन करणारे सोनार कसोटीचा काळा दगड पुढे घ्यायचे, तेल पुसल्यासारखा त्यावर हात फिरवायचे, मग पाटलीची कड हलकीशी घासायचे. दगडावर पिवळी रेघ उमटायची. शेजारी त्यांच्याकडच्या माहितीतल्या सोन्याची दुसरी रेघ. दोन्हींवर तेजाबाचा थेंब. खोट असेल तर रेघ फिकी पडते, हिरवट होते. नसेल तर तशीच राहते. रेघेकडे बघण्याचे ते पाच-सात सेकंद मावशी श्वास घेत नसत. वीस वर्षं तीच पाटली, वीस वर्षं तीच रेघ, तरी दर वर्षी श्वास रोखलेला. मग वजन: एकूण किती, त्यातून लाख, मणी, खडे वजा, निव्वळ किती. ठरलेल्या भावाने किंमत आणि तिच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज. रुमाल घडी घालून कनवटीला लावला की मावशी एकच वाक्य म्हणायच्या, “साहेब, मोडू नका हं, नुसतं ठेवून घ्या.” जसं काही मोडणं माझ्या हातात होतं.

अर्ध्या तासात पैसे. जामीनदार नाही, सातबारा नाही, नवऱ्याची सही नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जमीन त्याच्या नावावर, ठेव त्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या. तिच्या नावावर म्हणण्यासारखं जगात एकच होतं, ते मनगटावर होतं. अण्णा-आईच्या भांडणात खरी बाजू ही होती, हे मला बँकेत दहा वर्षं गेल्यावर कळलं. आईला व्याजाचं गणित कळत नव्हतं असं अण्णा शेवटपर्यंत समजत राहिले. तिला पक्कं कळत होतं. पावतीवर नाव कोणाचं येणार, हेही कळत होतं.

दिवाळीच्या सुमाराला, माल विकला की मावशी व्याजासकट पैसे भरून पाटल्या सोडवून न्यायच्या. काही वर्षं नुसतं व्याज भरून पुढे ढकलायच्या. आता मघाच्या माझ्या हिशेबात हे व्याज धरा बघू. आमच्या आईच्या पाटल्या चार वेळा गहाण पडल्या, चारही वेळा सुटून आल्या. त्याचं व्याज मी एकदा मांडायला घेतलं आणि आईनेच वही मिटवली. म्हणाली, “ते पाटल्यांचं नाय, तुझ्या शिक्षणाचं व्याज आहे.” यावर बँकवाल्याने काय बोलायचं!

आता गावातून दिल्लीत जाऊ. १९९१ साली आपल्या देशाने नेमकं त्या मावशींसारखंच केलं. परकीय गंगाजळी आटली होती, आयातीचे पैसे भागवायला काही आठवड्यांपुरतं शिल्लक होतं. मे महिन्यात सरकारने स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला, पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर, विकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे केले. मुंबईतून विमानाने सोनं बाहेर गेलं. बातमी फुटली तेव्हा लोक हळहळले ते मला चांगलं आठवतं. देश दिवाळखोरीच्या दारात आहे हे आकडे वर्तमानपत्रात महिनोन्‌महिने येत होते, त्याने कोणाची झोप उडाली नव्हती. पण सोनं गहाण पडलं म्हटल्यावर आमच्या शाखेत शिपाईसुद्धा गप्प झाला. रिकामं मनगट दिसलं होतं ना.

आणि मावशींसारखंच पुढेही झालं. कर्ज फिटलं. बरंचसं सोनं नंतरही लंडनच्या तळघरातच राहिलं. २०२४ साली तिथल्या आपल्या एकूण सोन्यापैकी सुमारे १०० टन भारतात आणलं, तेव्हा ‘डाग सुटून आला’ असं मला उगाच वाटलं. मधल्या काळात, २००९ साली, रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं एकरकमी विकत घेतलं होतं. आज तिच्याकडे आठशे टनांच्या वर आहे. नोटा जी छापते ती बँक स्वतःच्या गाठीला काय बांधते ते बघून घ्या.

पण इथे एक काटा आहे, तो गोव्याच्या लोकांना ठाऊक आहे. पोर्तुगीज अमलात तिथल्या बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो या बँकेत गोवेकरांनी दागिने गहाण ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्याच्या तोंडावर बँकेने ते सोनं लिस्बनला हलवलं. गहाणदारांच्या हातात पावत्या राहिल्या. ते दागिने परत यायला जवळपास तीस वर्षं लागली. ज्या बाईने बांगडी ठेवली होती तिची सून म्हातारी झाली असेल. तेव्हा सोनं ठेवलं की निर्धास्त असं जे म्हणतो, ते सोनं आपल्या अंगावर आहे तोवर. दुसऱ्याच्या तिजोरीत गेलं की आपल्याकडे उरतो तो एक कागदच, आणि मग तो कागद देणारा कसा आहे यावर सगळं येऊन थांबतं.

म्हणून आता कागदाकडे वळू. खिशातली शंभराची नोट काढा. काढा, परत ठेवायचीच आहे. मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे, वरून आठवी ओळ आपली: शंभर रुपये. पुढे गव्हर्नरांची सही आणि धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन. हे वचन घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर काय मिळेल? पन्नासाच्या दोन नोटा. पूर्वी असं नव्हतं. १९५६ पर्यंत छापलेल्या नोटांच्या चाळीस टक्के सोनं आणि परकीय रोखे ठेवायचं बंधन होतं. १९५७ पासून किमान गंगाजळी ठरली २०० कोटींची, त्यात सोनं ११५ कोटींचं. आज नोटा तीस लाख कोटींच्या वर आहेत आणि कायद्यातला किमान आकडा तोच आहे. एकशे पंधरा कोटींत आज मुंबईत एखादी इमारत येईल.

मग नोटेला आधार कशाचा? यावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेल्या प्रबंधात फार मुळातलं सांगितलंय. त्यांचा रोख असा होता की चलन कशात बदलून मिळतं यापेक्षा ते किती काढायचं याला पक्की मर्यादा आहे का, हे पाहा. ती मर्यादा राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडलीत तर गरिबाच्या हातातल्या रुपयाची किंमत जाते. लोकांना बाबासाहेबांची राज्यघटना माहीत असते, रुपया माहीत नसतो. अर्थशास्त्राच्या वर्गातही तो धडा घाईत उरकतात.

मर्यादा सुटली की काय होतं याचं टोकाचं उदाहरण जर्मनीचं, नोव्हेंबर १९२३. एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क. आपल्याकडे तसं कधी झालं नाही. आपल्याकडे मुरत गेलं. सोनाराच्या जुन्या मापात सांगतो: तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. लाल-काळी गुंज, तीच. १९८० साली शंभराच्या नोटेला सहा गुंजा सोनं येत होतं. लाखाच्या भावात शंभर रुपयांत गुंजेचा बारावा हिस्सा येतो. चिमटीत धरायला गेलात तर नखात हरवेल. नोट तीच, गांधीजी नंतर आले एवढाच फरक.

तेव्हा डब्यात ठेवलेली नोट आणि सोनं यांची तुलनाच होत नाही. नोट ही ठेवायची वस्तू नव्हेच, ती फिरती राहिली तर ठीक. ठेवायची असेल तर व्याजावर ठेवावी लागते, आणि व्याज महागाईच्या वर आहे की खाली हे बघत बसावं लागतं. माझ्या आत्याने हे कधी बघितलं नाही. ती २०१७ च्या फेब्रुवारीत गेली. तांदळाच्या डब्यात तळाशी पाचशेच्या नऊ नोटा निघाल्या, जुन्या. बदलून द्यायची मुदत डिसेंबरात संपलेली. नोटांच्या घडीत कापसात गुंडाळलेली एक चमकी होती, ग्रॅमभराचीसुद्धा नसेल. नोटा मी वहीत ठेवल्यात. चमकी भाचीच्या नाकात आहे.

आता टाळ्या वाजवू नका, कारण सोनं सरकारच्या हाताबाहेर असतं असा जो समज आहे तोही काढून टाकायचाय. १९३३ साली रूझवेल्ट यांनी अमेरिकेतल्या लोकांना सोनं सरकारजमा करायला लावलं, औंसाला २० डॉलर ६७ सेंट देऊन. पुढच्या वर्षी भाव ठरवला ३५. फरक सरकारच्या खिशात. आपल्याकडे जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना करायला बंदी. चौदा कॅरेट म्हणजे निम्म्याच्या जरा वर सोनं, बाकी तांबं-चांदी. सोनारांचे धंदे बसले, कित्येकांनी जीव दिला. कॅरेटची अट पुढे काही वर्षांत सुटली, पण नियंत्रणाचा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. आणि ताजं उदाहरण: २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्के झालं आणि भाषण संपेपर्यंत भाव हजारोंनी खाली. जगात कुठे काही घडलं नव्हतं. तुमच्या कपाटातलं सोनं दिल्लीतल्या एका ओळीने स्वस्त केलं.

चांदीचं तर विचारूच नका. आपले आजे-पणजे चांदीचे रुपये मडक्यात पुरत होते. १८७० नंतर जगाने चलनाला सोन्याचं प्रमाण धरलं, चांदी कोसळली आणि १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन टांकसाळीत रुपये पाडून देणं बंद केलं. धातू होता, खणखणीत होता, तरी मडक्यातलं मोल उतरलं.

तरीही सोन्याच्या बाजूने एक साक्षीदार मला बोलवावासा वाटतो, तो म्हणजे आपला पुतळ्यांचा हार. ही पुतळी मूळची कुठली? व्हेनिसची. तिथलं डुकाट नावाचं नाणं १२८४ पासून निघत होतं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ चोख. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ते आपल्या किनाऱ्यावर आलं. त्यावर उभ्या-वाकलेल्या आकृत्या होत्या, म्हणून आपण म्हटलं पुतळी. पाचशे वर्षं त्या नाण्याचं वजन आणि कस व्हेनिसने हलू दिला नाही. १७९७ साली नेपोलियनपुढे ते राज्यच संपलं. नाणं जिथून निघालं तिथे ते जमा झालं इतिहासात, आणि आपल्याकडे त्याच ठशाच्या पुतळ्या सोनार पाडत राहिले, बायका गळ्यात घालत राहिल्या. हारातली पुतळी कोणत्या राजाची, हे कोणी विचारलं नाही. सराफाने कस बघितला, वजन केलं, विषय संपला. नोटेच्या बाबतीत हे होत नाही. राज्य गेलं की नोट नाणेसंग्राहकाकडे जाते.

गलाईवाले इथे माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील. मुशीत डाग पडला की पहिल्यांदा काय जातं? मजुरी. नक्षी, जाळीकाम, बारा दिवसांची कारागिरी, सगळं मिनिटात. मग आतली लाख, सांध्यांचा डाक, तांबं. शेवटी लगड उरते ती निनावी असते, कोणाच्या लग्नातली हे तिला सांगता येत नाही. म्हणून ज्यांना खरोखर मूल्यच ठेवायचंय त्यांनी नक्षी घेऊ नये हे मी कायम सांगत आलोय, आणि माझ्या घरात ते कोणी ऐकलेलं नाही. दसऱ्याला वेढणं घेणारे जुने लोक शहाणे. नुसती तार गुंडाळलेली अंगठी, मजुरी नाममात्र, मोडताना तूट नाममात्र.

याहून पुढची गोष्ट सरकारने केली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण रोखे, म्हणजे सोन्याच्या भावाला बांधलेले कागद, काढले, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी. वर पावणेतीन टक्के व्याज. आठ वर्षांनी, २०२३ ला, ग्रॅमला ६,१३२ रुपये हातात दिले. मजुरी नाही, घट नाही, चोरीची भीती नाही. कागदाने सोन्याचं काम सोन्याहून चांगलं केलं. इतकं चांगलं की सरकारलाच ते महाग पडलं आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत. आमच्या शाखेतून पहिल्या खेपेला ते किती जणांनी घेतले ते आठवून मला हसू येतं. दोन. त्यातला एक मी होतो, तोही उद्दिष्ट पूर्ण करायला. मावशींना मी समजावून सांगितलं होतं. त्यांनी कागद उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, “आणि हे घालायचं कुठं?”

मी तो प्रश्न तेव्हा हसण्यावारी नेला. पण रोखा मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर आला असता, मुलाने तो पुढे कधीतरी विकला असता, आणि दाराबाहेर कोणाला पत्ता लागला नसता. चाळीस डोळे त्या कागदाला नव्हते.

वेळ संपत आली अशी खूण होतेय. पाटल्यांचं पुढे काय झालं एवढं सांगून थांबतो. आई गेल्यावर त्या बहिणीकडे आल्या. तिला दोन मुली. गेल्या दिवाळीत तिच्या मनात आलं की एक पाटली एकीला, एक दुसरीला, पण जुन्या घडणीच्या मुली घालणार नाहीत, तर मोडून नव्या घडणीच्या बांगड्या करू. मला बरोबर नेलं, भाव बघायला. दुकानदाराने काट्यावर ठेवल्या. आकडा आला ३६ ग्रॅम २०० मिलिग्रॅम. मी म्हटलं, १९८० च्या पावतीवर ३७ आहे, आठशे मिलिग्रॅम गेले कुठे? तो हसला. म्हणाला, झीज. पंचेचाळीस वर्षं भांडी घासली, धुणं आपटलं, जातं ओढलं, सोनं मऊ असतं, जाणारच. बहीण बराच वेळ काट्याकडे बघत होती. मग पाटल्या उचलल्या, पदराला पुसल्या, हातात घातल्या आणि म्हणाली, “राहू दे आत्ता. पुढच्या वर्षी बघू.”

चहा तयार आहे असं कळतंय. प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा. उद्याचा भाव सोडून काहीही.